दुसऱ्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरता, मग मुलांना इन-स्टेट फी मिळेल का?

न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षानुवर्षं राहणारी बरीच मराठी कुटुंबं हल्ली फ्लोरिडात किंवा टेक्सासमध्ये दुसरं घर घेऊन ठेवतात. कुणी थंडीचे दोन महिने काढायला, कुणी भाड्याने द्यायला, कुणी रिटायरमेंटची सोय म्हणून. मुलगी हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला पोचली की जेवणाच्या टेबलावर विषय निघतोच: तिथल्या काउंटीला दरवर्षी एवढे हजार डॉलर टॅक्स भरतो, मग तिथल्या सरकारी विद्यापीठात हिला तिथल्या मुलांची फी का नाही?

उत्तर आधीच सांगते. जवळपास सगळीकडे ते ‘नाही’ असंच आहे. टॅक्सच्या पावतीवरून घर तुमचं आहे एवढंच कळतं. विद्यापीठाला हवं असतं ते तुम्ही राहता कुठे याचं उत्तर. मिशिगन विद्यापीठाच्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की राज्यात मालमत्ता असणं आणि तिचा टॅक्स भरणं एवढ्याने कुणी रहिवासी ठरत नाही. बाकीची राज्यं हेच वेगवेगळ्या शब्दांत म्हणतात.

प्रश्न विचारण्यात मात्र काही गैर नाही, कारण रक्कम लहान नाही. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाची वर्षाची ट्यूशन आणि फी राज्यातल्या मुलांना सुमारे ६,३८० डॉलर. बाहेरच्यांना ती बरीच वर्षं २८,६५८ डॉलर होती. म्हणजे चार वर्षांत ८९ हजारांच्या आसपास फरक. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाने २०२५-२६ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्यांवर नेहमीच्या फीच्या वर ३७,६०२ डॉलरचा वेगळा आकार लावला.

‘पण टॅक्स तर आम्हीही भरतो’ हा मुद्दा विद्यापीठाच्या ऑफिसात मांडून उपयोग होत नाही, आणि त्यामागे कारण आहे. प्रॉपर्टी टॅक्स मुख्यतः काउंटी, शाळा, अग्निशमन, लायब्ररी यांच्याकडे जातो. सरकारी विद्यापीठांना पैसा येतो राज्याच्या तिजोरीतून, आणि ती भरते सेल्स टॅक्स, इन्कम टॅक्स अशा वाटांनी. याला एक अपवाद आहे, कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांचा. त्याकडे शेवटी येते.

आम्ही स्वतः न्यू जर्सीहून फ्लोरिडातल्या घरी कायमचे राहायला गेलो आणि मुलीची रेसिडेन्सी रीतसर करून घेतली. त्यामुळे खाली फ्लोरिडाचं तपशीलवार आहे. टेक्सास, कॅलिफोर्नियाचं कामापुरतं.

१. डोमिसाइल कोणाचं मोजणार, ते आधी बघा

महाराष्ट्रात डोमिसाइलचा दाखला एकदा काढला की तो दाखवून काम होतं. इथे असा आगाऊ दाखला मिळत नाही. बहुतेक राज्यांत प्रत्येक विद्यापीठ स्वतःच कागद बघून ठरवतं. नॉर्थ कॅरोलायना वेगळं: तिथे रेसिडेन्सी डिटर्मिनेशन सर्व्हिस ही एकच यंत्रणा सगळ्या सरकारी कॉलेजांसाठी निर्णय देते आणि त्याचा क्रमांक अर्जात भरायचा असतो.

बारावी करून थेट कॉलेजात जाणारं मूल जवळपास नेहमीच आईवडिलांवर अवलंबून धरलं जातं. म्हणून मोजलं जातं ते आईवडिलांचं डोमिसाइल. पोरगा टॅम्पाच्या कॉन्डोत राहतोय, तिथलं लायसन्स काढलंय, पार्ट-टाइम नोकरीही करतोय, पण आईवडील एडिसनमध्ये आणि टॅक्स रिटर्नवर तो त्यांचा डिपेंडंट, तर तो न्यू जर्सीचाच. ‘मुलाच्या नावावर कॉलेजजवळ कॉन्डो घ्या, दुसऱ्या वर्षापासून इन-स्टेट’ हा सल्ला पॉटलकमध्ये हमखास मिळतो. घराचा गुंतवणूक म्हणून हिशेब बसत असेल तर जरूर घ्या, फीचा हिशेब त्यात धरू नका. शिक्षणासाठी येऊन राहिलेला काळ बहुतेक राज्यं रेसिडेन्सीसाठी मोजतच नाहीत. कॅलिफोर्नियात तर आईवडील राज्यात राहत नसतील तर मुलाला आर्थिकदृष्ट्या पूर्ण स्वतंत्र असल्याचंही दाखवावं लागतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला ते सहसा जमत नाही.

दोघांपैकी एकच पालक नव्या राज्यात असेल तर? बऱ्याच राज्यांत एका पालकाचं डोमिसाइल पुरतं. नवऱ्याला ऑस्टिनला खरोखर नोकरी लागली, तो तिथल्या घरी राहतो, बायको मुलीची शाळा संपेपर्यंत मागे थांबली, अशा घरांची कामं होतात. फक्त ते ‘खरोखर’ असावं लागतं.

२. बारा महिने कुठल्या तारखेपासून, ते कॅलेंडरवर मांडा

नियम सगळीकडे साधारण एक वर्षाचा, पण मोजणी कुठून करायची ते वेगळं. फ्लोरिडात क्लास सुरू होण्याच्या पहिल्या दिवसाआधीचे सलग बारा महिने. टेक्सासमध्ये त्या टर्मच्या सेन्सस डेटच्या एक वर्ष आधी डोमिसाइल झालेलं हवं. ही तारीख मोठ्या टर्ममध्ये साधारण क्लासचा बारावा दिवस असते. कॅलिफोर्नियात विद्यापीठाने ठरवलेल्या तारखेच्या आधी एक वर्षाहून जास्त, म्हणजे किमान ३६६ दिवस.

आता उलटा हिशेब करा. मुलीला ऑगस्ट २०२७ मध्ये कॉलेज सुरू करायचंय, तर ऑगस्ट २०२६ च्या सुरुवातीला तुम्ही नव्या राज्यात सामानासकट राहत असायला हवं. ॲडमिशनचं पत्र येण्याच्या कितीतरी आधी, किंबहुना ती अर्ज भरायला बसण्याच्याही आधी. आणि तेव्हा ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर असते. मित्रमैत्रिणी, ऑर्केस्ट्रा, रेकमेंडेशन देणारे शिक्षक, सगळं त्या शाळेत. ट्रकचं भाडं आणि घराची डागडुजी सहज मोजता येते, हे मोजता येत नाही. आमच्याकडे मुलगी दहावीत असतानाच नोकरीमुळे जायचं ठरलं, म्हणून निभावलं. केवळ फीसाठी शेवटच्या वर्षी मुलाची शाळा तोडावी, असं मी कुणाला सांगणार नाही.

फ्लोरिडात आणखी दोन तारखा लक्षात ठेवा. होमस्टेड एक्झेम्प्शनसाठी, म्हणजे राहत्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीसाठी, १ जानेवारीला ते घर तुमचं कायमचं राहतं घर असायला हवं आणि अर्ज १ मार्चपर्यंत करायचा. ऑगस्ट २०२६ मध्ये आलात तर ही सवलत २०२७ सालासाठी मिळेल. आल्या महिन्यात ती हातात नसणं यात काही गडबड नाही. मात्र मार्चची तारीख हुकवू नका.

३. व्हिसा

रेसिडेन्सीसाठी कायदेशीरपणे इथे कायम राहण्याचा इरादा धरता यावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना प्रश्न नाही. एच-१बी, एल-१ (नोकरीचे व्हिसा) आणि एच-४, एल-२ (त्यांच्या कुटुंबीयांचे व्हिसा) वर असणाऱ्यांनाही टेक्सास, कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत डोमिसाइल करता येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर हे सहसा चालत नाही, कारण तो व्हिसाच ‘माझं घर परदेशात आहे, शिकून परत जाणार’ या कबुलीवर मिळालेला असतो. म्हणून पुण्यातल्या कुणी मुलाच्या मास्टर्ससाठी अटलांटात फ्लॅट घेतला आणि त्याचा टॅक्स नियमित भरला, तरी फीमध्ये एक डॉलरही कमी होणार नाही.

इथे एक मोठा खड्डा आहे. एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की तो दर्जा संपतो. त्याआधी ग्रीन कार्डचं काही झालं नाही तर मूल एफ-१ वर जातं, आणि कॉलेजच्या मधल्याच वर्षी इन-स्टेट दर्जा जाण्याची वेळ येऊ शकते. मूल अठराचं होण्याच्या आधीच वकिलाला हे विचारून ठेवा.

दुसरा खड्डा याहून वाईट. रेसिडेन्सीच्या बहुतेक याद्यांत ‘व्होटर रजिस्ट्रेशन’ हा पुरावा वरच्या क्रमांकावर असतो. तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर मतदार म्हणून नाव नोंदवायचं नाही. ग्रीन कार्ड असलं तरी नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा केल्याची नोंद झाली तर ग्रीन कार्ड, नागरिकत्व, सगळंच धोक्यात येतं. लायसन्स काढताना खिडकीवरचा माणूस ओळीने प्रश्न विचारत जातो आणि त्यात ‘मतदार नोंदणीही करायची का?’ हा प्रश्न येतो. मान हलवत ‘येस, येस’ करू नका. स्क्रीनवर नागरिकत्वाचा चौकोन काय सांगतोय ते वाचूनच सही करा. त्या एका कागदाच्या जागी चालणारे दुसरे भरपूर कागद आहेत.

४. खरोखर राहायला जा

विद्यापीठात आमची फाइल बघणाऱ्या बाईंनी सगळ्यात आधी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल उचललं. मला वाटलं होतं, हा आमचा हुकमाचा एक्का. त्यांनी रक्कम पाहिलीच नाही. बोट ठेवलं दोन ठिकाणी: बिल पाठवण्याचा पत्ता, आणि एक्झेम्प्शनची ओळ. दुसरं घर असतं तेव्हा बिल न्यू जर्सीच्या पत्त्यावर जातं आणि होमस्टेडसमोर शून्य असतं. म्हणजे ज्या कागदावर लोक भिस्त ठेवतात, तोच कागद सांगतो की मालक इथे राहत नाही. आमचं त्या वर्षीचं बिल बदललेलं होतं म्हणून पुढचं बोलणं सोपं गेलं.

असेच दुसऱ्या घराचं बिंग फोडणारे आणखी कागद तुमच्याकडे असतात:

- कर्जाच्या कागदांत ‘सेकंड होम रायडर’ नावाचं जोडपत्र असू शकतं. व्याजदर राहत्या घराचा मिळावा म्हणून कर्ज घेताना ‘इथेच राहणार’ असं खोटं लिहिलं असेल तर तो वेगळाच गुन्हा. खरं लिहिलं असेल, तर आता राहायला आल्याचा पुरावा वेगळा द्यावा लागेल.
- घर भाड्याने देत असाल तर फेडरल रिटर्नच्या शेड्यूल ई मध्ये भाड्याचे दिवस आणि स्वतः वापरल्याचे दिवस असे दोन रकाने असतात. ज्या वर्षी तिथे राहत होतो असं म्हणता, त्याच वर्षी भाड्याचे २०० दिवस दिसले की प्रकरण संपलं.
- गाडीच्या इन्शुरन्सवर गाडी रात्री कुठे उभी असते तो पत्ता.
- मुलांच्या डॉक्टरांचे पत्ते, पगाराच्या स्लिपवरचं राज्य, डब्ल्यू-२ (पगाराच्या वार्षिक टॅक्स फॉर्म) वर कापलेला राज्याचा टॅक्स.

जुन्या राज्याशी असलेले धागे स्वतः कापायचे. लायसन्स जमा करा, गाड्यांची नंबर प्लेट बदला, राज्य सोडल्याच्या तारखेपर्यंतचं पार्ट-इयर रेसिडेंट रिटर्न भरा. न्यू जर्सीतलं घर ठेवलं असेल तर राहत्या घरामुळे मिळणारा अँकरसारखा (न्यू जर्सीची प्रॉपर्टी टॅक्स सवलत) फायदा तिथे घेणं बंद करा. फ्लोरिडाचा कायदा स्पष्ट आहे: दुसऱ्या राज्यात कायम रहिवासी म्हणून घराच्या टॅक्सवर सवलत घेत असाल तर इथलं होमस्टेड मिळत नाही. आणि हक्क नसताना होमस्टेड घेतल्याचं सापडलं तर दहा वर्षं मागे जाऊन टॅक्स वसूल होतो, वर ५० टक्के दंड आणि वर्षाला १५ टक्के व्याज. वाचवलेली फी यात वाहून जाईल.

न्यूयॉर्कहून जाणाऱ्यांनी आणखी जपायला हवं. तिथलं टॅक्स खातं राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या मागे लागतं. घर तिथे ठेवून वर्षात १८३ दिवसांहून जास्त तिथे काढले तर डोमिसाइल बदललं तरी ते तुम्हाला त्यांचाच रहिवासी धरू शकतात. ऑडिटमध्ये जिव्हाळ्याच्या वस्तू कुठे आहेत हेसुद्धा बघतात, म्हणजे फोटोंचे अल्बम, दागिने, आपल्याकडे देवघर म्हणा ना.

५. फाइलमध्ये काय काय लावायचं

फ्लोरिडात किमान दोन कागद लागतात, त्यातला किमान एक पहिल्या यादीतला. कुठलाही एकच कागद निर्णायक मानला जात नाही, आणि तुम्ही दुसरीकडे राहता असं दाखवणारा उलटा पुरावा नसावा, हेही बघतात.

पहिली यादी, पालकाच्या नावाची:
- फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र
- गाडीचं फ्लोरिडातलं रजिस्ट्रेशन
- मतदार नोंदणी (फक्त नागरिकांनी)
- राहतं घर म्हणून वापरात असलेल्या घराचा पुरावा, किंवा होमस्टेड एक्झेम्प्शन
- फ्लोरिडातली कायम, आठवड्याला किमान ३० तासांची नोकरी, सलग बारा महिने

दुसरी यादी, जोडीला:
- डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल, काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टकडे नोंदवलेलं
- वीज-पाण्याची बारा महिन्यांची बिलं
- राज्याचं व्यावसायिक लायसन्स (नर्स, सीपीए वगैरे)

डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल हे नाव भारदस्त आहे, त्यामुळे लोक ते एकच नोंदवून निश्चिंत होतात. ते दुसऱ्या यादीत आहे. मदतीला चांगलं, एकटं निरुपयोगी.

तारखा सगळ्या बारा महिन्यांच्या आधीच्या हव्यात. लायसन्स चार महिन्यांपूर्वी काढलेलं असेल तर ‘आम्ही दीड वर्षापासून राहतोय’ हे तोंडी सांगून भागत नाही. म्हणून राहायला जाल त्याच आठवड्यात लायसन्स आणि गाड्यांचं काम उरका. टीव्ही भिंतीवर नंतर लागेल.

विजेच्या बिलाबद्दल एक गोष्ट. नुसत्या पैसे भरल्याच्या पावत्या देऊ नका, वापराचे युनिट दिसतील अशी पूर्ण बिलंही द्या. रिकाम्या घराचं आणि चार माणसं राहत असलेल्या घराचं बिल वेगळं दिसतं, आणि इथे तो फरक तुमच्या बाजूने बोलतो.

६. अर्ज, नकार, अपील

टेक्सासमध्ये रेसिडेन्सीचे प्रश्न प्रवेशाच्या अर्जातच असतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ॲडमिशननंतर स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स भरायचं. फ्लोरिडात रेसिडेन्सी डिक्लरेशन कॉलेजला द्यायचं. फॉर्म पालकाने भरायचा की मुलाने, हे नीट वाचा. डिपेंडंट मुलाच्या नावाचे कागद जोडले की फाइल नुसती परत येते.

फाफसामध्येही (फेडरल आर्थिक मदतीच्या अर्जात) पालकाचं आणि मुलाचं राज्य विचारतात. तिथे एक, इथे दुसरं, असं होऊ देऊ नका.

पहिल्या टर्मला एकदा ‘आउट-ऑफ-स्टेट’ शिक्का बसला की पुढे तो बदलून घेणं कठीण जातं, कारण तेव्हा मूल विद्यार्थी म्हणून राज्यात आलेलं असतं. तरी दार पूर्ण बंद नसतं. १९७३ साली कनेक्टिकटच्या एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकदा बाहेरचा ठरलेल्याला शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच धरून ठेवता येणार नाही, परिस्थिती बदलल्याचं दाखवायची संधी द्यावी लागेल. राज्यं वर्षभराची अट घालू शकतात, कायमचा शिक्का मारू शकत नाहीत.

नकार आला तर अपील लेखी आणि मुदतीत करा. पत्रात टॅक्सची रक्कम, तुमची निष्ठा, राज्यावरचं प्रेम यातलं काही लिहू नका. तारखा लिहा: अमुक तारखेला राहायला आलो, अमुकला लायसन्स, अमुकला नोकरी, सोबत अमुक कागद. एक पान पुरे.

७. राहायला जाणं जमणारच नसेल तर

काही दारं दुसऱ्या घरवाल्यांना थोडीफार उघडी आहेत.

आजी-आजोबा. फ्लोरिडाने २०२१ साली कायदा केला: आजी किंवा आजोबा फ्लोरिडाचे कायदेशीर रहिवासी असतील आणि बाहेरच्या राज्यातल्या नातवंडाचे सॅट या कॉलेज प्रवेश परीक्षेचे गुण ८९ पर्सेंटाइल किंवा वर असतील, तर बाहेरच्यांसाठीची जादा फी माफ होऊ शकते. कायदा झाला तेव्हा राज्यभरात ३५० विद्यार्थ्यांची मर्यादा होती, म्हणून लवकर अर्ज करा. तुमच्या त्या दुसऱ्या घरात तुमचे आईवडील ग्रीन कार्डवर कायमचे राहत असतील तर हा सगळ्यात सरळ मार्ग. हिवाळ्यापुरते येत असतील तर नाही.

प्रादेशिक करार. पश्चिमेकडच्या राज्यांचं वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज आहे. त्यात तिथल्या रहिवाशांच्या फीच्या १५० टक्क्यांपर्यंतच घेतात. दक्षिणेत ॲकॅडमिक कॉमन मार्केट, मिडवेस्ट आणि न्यू इंग्लंडचे आपापले करार. इथे तुमचं दुसरं घर नाही, पहिलं घर कुठल्या राज्यात आहे ते मोजतात. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क यातल्या कुठल्याच गटात नाहीत, त्यामुळे आपल्या निम्म्या मंडळींना याचा उपयोग शून्य.

स्कॉलरशिप. टेक्सासमध्ये किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठ रहिवाशाची फी लावू शकतं. ‘लावू शकतं’, लावेलच असं नाही. मोठी नावाजलेली विद्यापीठं यात हात आखडता घेतात, मधली उदार असतात.

आणि तो अपवाद. टेक्सासची कम्युनिटी कॉलेजं आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये (कॉलेजच्या ठरलेल्या हद्दीत) थेट प्रॉपर्टी टॅक्स गोळा करतात. त्यामुळे डिस्ट्रिक्टबाहेर राहणाऱ्या, पण तिथे टॅक्स लागू असलेली मालमत्ता असणाऱ्या माणसाला किंवा त्याच्या डिपेंडंट मुलाला डिस्ट्रिक्टमधल्या माणसाची फी लावायची मुभा राज्याच्या कायद्याने कॉलेजच्या बोर्डाला दिली आहे. समजा तुम्ही डॅलस काउंटीत राहता आणि फ्रिस्कोत कॉलिन काउंटीच्या हद्दीत घर भाड्याने दिलंय, तर टॅक्सचं बिल घेऊन तिथल्या रजिस्ट्रारकडे जाण्यात अर्थ आहे. दोन गोष्टी विचारा: बोर्डाने ही मुभा स्वीकारली आहे का, आणि ती टेक्सासबाहेर राहणाऱ्या मालकालाही आहे की फक्त टेक्सासमधल्या. तिथून चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर घेताना मात्र रेसिडेन्सी पुन्हा पहिल्यापासून तपासली जाते, आणि तिथे हे बिल चालत नाही.